इंग्रजीशी गट्टी : ‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण?



मागच्या महिन्यात ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या तिघांनी आपल्याला चांगलंच दमवलं. या महिन्यात काळांकडे वळायचं मी ठरवलं होतं, टिपणंही काढून ठेवली होती. पण मध्येच एक वही आडवी आली.

वही आमच्या रामबागेतल्याच एका नववीतल्या मुलीची. तिची आजी आणि मी संध्याकाळी बरोबर फिरायला जातो. त्या दिवशी आजीच्या मागोमाग नातही आली, हातात वही आणि चेहरा उतरलेला. “आजी, मी नियम आठवूनच लिहून राहिले होते, तरी मार्क कटले,” ती म्हणाली. (पुण्याच्या पाहुण्यांना आमचं हे ‘लिहून राहिले’ खटकतं. आम्हा इंदूरकरांना नाही.)

चाचणीत प्रश्न होता : वाक्यातलं क्रियाविशेषण अधोरेखित करा. वाक्य होतं, ‘द फ्रेंडली शॉपकीपर वर्क्स हार्ड.’ हिने ‘फ्रेंडली’खाली ठसठशीत रेघ ओढली होती. शून्य. पुढच्या प्रश्नात गाळलेली जागा होती, ‘शी सिंग्ज ——’. हिने लिहिलं ‘गुड’. पुन्हा शून्य, आणि शेजारी लाल शाईत ‘वेल’.

तिचं म्हणणं असं : “वर्गात सांगितलं होतं, ज्याच्या शेवटी ‘ली’ ते ॲडव्हर्ब. मग ‘फ्रेंडली’ का नाही? आणि ‘हार्ड’ला तर ‘ली’ नाहीच, ते ॲडव्हर्ब कसं?”

तिच्या बाईंना मी दोष देत नाही. पन्नास मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास असला की माणूस असा एखादा नियम हातात देऊन मोकळा होतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही तो असाच दिला आहे. नियम खोटा नाही, अर्धा आहे. आणि अर्धा नियम मार्कांपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करू शकतो, हे मला माहीत आहे. का माहीत आहे, तेही आज सांगते. कारण वही बंद करता करता त्या मुलीने सहज म्हटलं, “दादाने पण त्याच्या बायोडेटात ‘हार्डली’ लिहिलंय, मग ते तर बरोबर असेल ना?”

दादा इंजिनिअर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीला त्याच रात्री अर्ज धाडणार होता. तिने मोबाइलवर मला वाक्य दाखवलं : ‘आय हॅव हार्डली वर्क्ड ऑन थ्री प्रोजेक्ट्स.’ त्याला म्हणायचं होतं, तीन प्रकल्पांवर मी कसून काम केलं. लिहिलं होतं, जेमतेम तीन प्रकल्पांवर काम केलं असेन. मोबाइलने लाल रेघ दाखवली नव्हती, आणि दाखवणार तरी कशी? स्पेलिंग अचूक आणि वाक्यही व्याकरणशुद्ध. फक्त अर्थ उलटा.

हे वाक्य वाचलं आणि मला १९७९ साल आठवलं.

तेव्हा मी शिक्षिका झाले नव्हते. बी. ए. होऊन इंदुरातच एका कचेरीत टंकलेखनाचं काम करत होते. मराठी माध्यमातून शिकलेली, इंग्रजी व्याकरण तोंडपाठ, आणि त्याचा थोडा ताठाही. कचेरीत एक तरुण चपराशी होता. धारकडच्या खेड्यातला, पहाटे येऊन सगळ्यांच्या आधी कुलूप उघडणारा. त्याला एका कारखान्यात कायमची नोकरी मिळायची संधी आली आणि त्यासाठी जुन्या कचेरीचं इंग्रजीतलं प्रशस्तिपत्र हवं होतं. साहेब म्हणाले, लिहून आण, सही करतो. मी मोठ्या हौसेने टाइप केलं. त्यातलं एक वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं : ‘ही इज ऑनेस्ट अँड हॅज हार्डली वर्क्ड इन अवर ऑफिस फॉर फोर इयर्स.’

माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाचा. ‘वर्क्ड’ हे क्रियापद, म्हणून पुढे क्रियाविशेषण हवं. क्रियाविशेषणाला ‘ली’ लागतं, म्हणून ‘हार्डली’. साहेबांनी न वाचता सही केली.

तो आठवड्याने परत आला. कारखान्यातल्या कुणीतरी त्या शब्दाभोवती निळ्या पेन्सिलीने गोल काढला होता. “दीदी, वो लोग हँस रहे थे. इसमें क्या लिखा है?” त्याने विचारलं. मला तोवर कळलं नव्हतं. शब्दकोश उघडला आणि कळलं. मी लिहून दिलं होतं : हा प्रामाणिक आहे, आणि चार वर्षांत याने आमच्याकडे काम असं फारसं केलेलंच नाही.

मी नवं पत्र केलं, स्वतः साहेबांसमोर उभी राहून सही घेतली. पण तोवर ती जागा भरली होती. त्याला दुसरी नोकरी मिळायला पुढे वर्ष गेलं. तो माझ्यावर रागावला नाही. चूक कुणाची ते त्याला कळलंच नव्हतं. त्याला वाटलं, इंग्रजीत असंच काहीतरी असतं. मी त्याला खरं सांगितलं, पण लगेच नाही. दोन दिवस गेले त्यात.

तर त्या अर्ध्या नियमाची ही उरलेली बाजू.

विशेषण म्हणजे नामाबद्दल सांगणारा शब्द आणि क्रियाविशेषण म्हणजे क्रियेबद्दल सांगणारा, हे तुम्हांला पाचवीपासून ठाऊक आहे. तरी चूक होते, कारण आपण शब्दाचं शेपूट बघतो, तो कुणाचा आहे ते विचारत नाही. ‘द फ्रेंडली शॉपकीपर वर्क्स हार्ड’ हेच वाक्य घ्या. ‘फ्रेंडली’ कुणाचा? दुकानदाराचा. दुकानदार मनमिळाऊ आहे; दुकानदार हे नाम, म्हणून ‘फ्रेंडली’ विशेषण. ‘हार्ड’ कुणाचा? दुकानदार कठीण नाही, दगडासारखा टणकही नाही. तो काम कसं करतो? कसून. म्हणजे ‘हार्ड’ हा कामाचा शब्द. क्रियेचा, म्हणून क्रियाविशेषण. शेपटीचा इथे काही संबंधच आला नाही.

‘शी सिंग्ज गुड’ ही चूक मात्र वेगळ्या जातीची आहे आणि ती आपल्या मराठी मुलांकडून जास्त का होते याचं कारण मोठं गमतीचं आहे. आपण घरी काय म्हणतो? ती चांगली गाते. तो चांगला गातो. ती मुलं चांगली गातात. इथे ‘चांगला’ खरं तर गाण्याबद्दल सांगतोय, पण लिंग-वचन घेतोय गाणाऱ्याचं. काम क्रियेचं आणि गणवेश कर्त्याचा! मराठीच्या व्याकरणातही याच कारणाने ‘क्रियाविशेषण’ आणि ‘क्रियाविशेषण अव्यय’ असा भेद शिकवतात. ‘चांगला’सारखा रूप बदलतो तो पहिल्या प्रकारातला, ‘हळू’, ‘पटकन’, ‘काल’ असा न बदलणारा तो दुसऱ्या.

आता घराबाहेर या. राजवाड्यावर किंवा छप्पन दुकानावर उभे राहून तुम्ही मित्राशी हिंदीत काय बोलता? ‘वो अच्छा गाती है.’ गाणारी मुलगी, तरी ‘अच्छा’. तो ‘अच्छी’ होत नाही, कारण तिथे तो गाण्याचा शब्द आहे आणि हिंदीने त्याला मुलीच्या गणवेशातून सोडवलं आहे. ‘वो अच्छी है’ म्हटलं की मुलीबद्दल, ‘वो अच्छा गाती है’ म्हटलं की गाण्याबद्दल. तुम्ही हा भेद रोज करता, विचारही न करता.

इंग्रजी याच्याही एक पाऊल पुढे जाते आणि शब्दच बदलते. मुलगी ‘गुड’, गाणं ‘वेल’. म्हणजे घरी ‘चांगली’, रस्त्यावर ‘अच्छा’, शाळेत ‘वेल’. तुमच्यासारख्या तीन भाषांत वावरणाऱ्या पोराला हे जड जायचं कारण नाही, फक्त मराठीतून थेट इंग्रजीत उडी मारण्याआधी एकदा हिंदीच्या ओट्यावर पाय ठेवायचा. ‘अच्छी’ म्हणाल की ‘अच्छा’? ‘अच्छी’ असेल तर ‘गुड’. मुलगी गात असूनही ‘अच्छा’च येत असेल तर ‘वेल’. (कर्ता पुल्लिंगी असेल तेव्हा ही युक्ती चालत नाही, कारण दोन्हीकडे ‘अच्छा’च. तेव्हा वाक्यात मनातल्या मनात मुलगी घाला.)

बडोद्याच्या आणि बेळगावच्या वाचकांनी आपापल्या रस्त्यावरच्या भाषेत हा प्रयोग करून पाहावा. काय दिसतं ते मला जरूर कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

आता त्या ‘ली’कडे. ही शेपटी आली कुठून, हे कळलं की अर्धी भांडणं मिटतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत शरीर, आकार या अर्थाचा एक शब्द होता. तो दुसऱ्या शब्दांना जोडून ‘तसा’, ‘त्याच्यासारखा’ असा अर्थ करत असत. ‘सारखा’ या अर्थाचा आजचा ‘लाइक’ही त्याच कुळातला. तेव्हा ‘फ्रेंडली’ म्हणजे मुळात मित्रासारखा. ‘कॉवर्डली’ म्हणजे भेकडासारखा. ‘मदरली’ म्हणजे आईसारखी. ही सगळी विशेषणंच. ‘ली’चा हा मूळचा धंदा. क्रियाविशेषणं करणं हा तिचा पुढे वाढलेला व्यवसाय.

म्हणून माझ्या वर्गात मी शेवटी शेवटी असं सांगत असे : ‘ली’ खुडून टाका आणि खाली काय उरतं ते पाहा. नाम उरलं, म्हणजे ‘फ्रेंड’, ‘मदर’, ‘कॉवर्ड’, ‘लव्ह’, ‘कॉस्ट’, तर बहुधा विशेषण : ‘लव्हली’, ‘कॉस्टली’. विशेषण उरलं, म्हणजे ‘स्लो’, ‘सॅड’, ‘क्विक’, ‘केअरफुल’, तर बहुधा क्रियाविशेषण : ‘स्लोली’, ‘सॅडली’. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम दोनदा वापरला. ‘लोनली’, ‘डेडली’, ‘एल्डरली’ हे विशेषणाला ‘ली’ लागूनही विशेषणच राहिले आहेत. ‘अग्ली’ आणि ‘सिली’ यांच्यातून तर ‘ली’ खुडताच येत नाही, खुडलंत तर हातात काहीच अर्थाचं उरत नाही. ‘डेली’ दोन्हीकडे नांदतो : ‘अ डेली पेपर’मध्ये विशेषण, ‘द पेपर कम्स डेली’मध्ये क्रियाविशेषण.

आणि ‘फ्रेंडली’चं क्रियाविशेषण करायचं झालं तर? ‘फ्रेंडलिली’ शब्दकोशात कुठेतरी सापडेलही, पण तोंडात बसत नाही. इंग्रज माणूस सरळ वळसा घेतो : ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे.’ तुम्हीही घ्या.

‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘लेट’, ‘अर्ली’, ‘स्ट्रेट’ हे शब्द क्रियाविशेषण असूनही वेगळी शेपटी का घेत नाहीत? मुलं याला अपवाद म्हणून पाठ करतात आणि म्हणून विसरतात. ‘ही रॅन फास्टली’ मी शेकड्यांनी दुरुस्त केलं असेल. वास्तविक यांतले कितीतरी फार जुने रहिवासी आहेत. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक ‘ए’ लावला की क्रियाविशेषण होत असे. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे हे हलके स्वर उच्चारातून गळून पडले आणि ‘हार्ड’ विशेषण कोणता आणि ‘हार्ड’ क्रियाविशेषण कोणता, हे दिसेनासं झालं. भेद राहिला, खूण गेली. मग ही खूण परत आणण्यासाठी ‘ली’चा वापर वाढला. पण काही शब्दांना लोकांनी ‘ली’ लावूच दिली नाही, आणि काही शब्दांच्या बाबतीत दोन्ही रूपं राहिली नि त्यांनी अर्थ वाटून घेतले.

माझं प्रशस्तिपत्र फसलं ते या शेवटच्या गटात. तेव्हा ही जोडपी नीट ओळखून घ्या. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे कसून काम करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे काम फारसं करतच नाही. ‘शी केम लेट’ म्हणजे उशिरा आली. ‘शी हॅजन्ट कम लेटली’ म्हणजे हल्ली आलेली नाही. ‘द बस केम निअर’ म्हणजे बस जवळ आली. ‘द बस निअर्ली हिट अस’ म्हणजे बस आम्हांला धडकता धडकता राहिली. संक्रांतीचा पतंग ‘हाय’ उडतो, पण तुमच्याबद्दल कुणी भरभरून चांगलं बोललं तर ते ‘हायली’. या जोड्यांत ‘ली’चं रूप पहिल्याचं जरा जास्त सभ्य रूप नाही. तो वेगळाच शब्द आहे. बायोडेटा लिहिताना तर ‘हार्डली’ला हातच लावू नका. त्या दोन-तीन पानांत त्याचं काहीही काम नसतं.

इथवर बऱ्याच जणांना जमतं. पुढचं वळण मात्र चांगल्या चांगल्यांना फसवतं.

क्रियापदानंतर येतो तो शब्द क्रियेचाच असला पाहिजे, असं आपण धरून चालतो. तसं नाही. ‘द बासुंदी स्मेल्स गुड.’ इथे ‘स्मेल्स’ क्रियापद आहे, मग ‘वेल’ का नाही? पुन्हा तोच प्रश्न : शब्द कुणाचा? बासुंदी नाकाने वास घेण्याचं काम करत नाही. वास आपण घेतो, आणि चांगली आहे ती बासुंदी. ‘लुक’, ‘फील’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘साउंड’, ‘सीम’, ‘बिकम’ ही क्रियापदं अशा वेळी नुसत्या पुलासारखी असतात. या काठावर बासुंदी, त्या काठावर तिचा गुण. पूल आहे की खरी क्रिया, हे ओळखायला क्रियापद काढून तिथे ‘इज’ ठेवून पाहा. ‘द बासुंदी इज गुड’, वाक्य उभं राहिलं. म्हणजे विशेषण हवं.

आणि इथे मात्र आपली मराठी हिंदीपेक्षाही चोख मदत करते. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. ‘शी लुक्ड ॲट मी अँग्रिली’ म्हणजे तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. ‘रागावलेली’ आणि ‘रागाने’ यांची अदलाबदल करून पाहा बरं! ‘ती रागाने दिसली’ असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या कानाला जे आपोआप कळतं तेच व्याकरण आहे. मराठीत ‘-ने’, ‘-पणे’, ‘-पूर्वक’ बसत असेल तर इंग्रजीत क्रियाविशेषण. ‘श्रीखंड आंबट लागलं’, इथे ‘आंबटपणे लागलं’ बसत नाही, म्हणून ‘टेस्टेड सावर’. पण ‘आईने श्रीखंड काळजीपूर्वक चाखलं’ हे बसतं, म्हणून ‘टेस्टेड द श्रीखंड केअरफुली’. क्रियापद दोन्हीकडे ‘टेस्ट’च. एकदा पूल, एकदा क्रिया.

याच वळणावर खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेलेही घसरतात. ‘मला वाईट वाटतंय’ याला ‘आय फील बॅडली’ म्हणणारे तिकडे पुष्कळ आहेत. त्यांना वाटतं ‘ली’ लावलं की भाषा शुद्ध होते. बरोबर आहे ‘आय फील बॅड’. बॅड मी आहे, माझी वाटण्याची क्रिया नव्हे. आणि ‘हाऊ आर यू?’ला ‘आय ॲम वेल’ म्हणतात ते? तिथे ‘वेल’ क्रियाविशेषण नाही. ‘प्रकृतीने बरा’ या अर्थाचं ते विशेषण आहे. वेश एक, माणसं दोन.

कधी कधी दोन्ही शब्द चालतात, पण वाक्य निराळं होतं. माझ्या विद्यार्थ्यांची ही आवडती जोडी होती : ‘ही फाउंड द बुक ईझी’ आणि ‘ही फाउंड द बुक ईझिली’. पहिल्यात पुस्तक त्याला सोपं वाटलं. दुसऱ्यात पुस्तक त्याला सहज सापडलं, आत काय आहे ते कदाचित त्याने उघडूनही पाहिलं नसेल. एका ‘ली’ने पुस्तकाबद्दलचं मत शोधाशोधीबद्दलच्या बातमीत बदललं.

आता एका पाटीबद्दल, कारण यावर दरवर्षी कुणीतरी हुशार मुलगा हात वर करायचा. रस्त्यावर ‘ड्राइव्ह स्लो’ लिहिलेलं असतं ते चूक का? चूक नाही. ‘स्लो’ क्रियाविशेषण म्हणून इंग्रजीत कित्येक शतकं वापरात आहे. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी अशा शेपटी नसलेल्या शब्दांवर डोळे वटारायला सुरुवात केली. रॉबर्ट लाउथ या पाद्र्याचं १७६२ साली निघालेलं छोटं व्याकरण तेव्हा फार गाजलं, त्यानेही विशेषणाचं रूप क्रियाविशेषणाच्या जागी वापरणं अयोग्य ठरवलं. शाळांनी ते उचललं, ते आजवर चाललंय. पाटी लिहिणाऱ्याने त्याचं ऐकलं नाही, बस. परीक्षेत तुम्ही ‘ड्राइव्ह स्लोली’ लिहा, मार्क पडतील; पण पाटीला हसू नका.

ॲपल कंपनीच्या १९९७ सालच्या ‘थिंक डिफरंट’ या जाहिरातीवरही असाच गदारोळ झाला होता. ‘डिफरंटली’ हवं म्हणून. स्टीव्ह जॉब्सचं म्हणणं असं की ‘डिफरंट’ हे कसा विचार करा याचं उत्तर नसून कशाचा विचार करा याचं आहे, ‘थिंक बिग’ म्हणतो ना, तसं. मला हे पटतं. तुम्हांला पटेलच असं नाही. पण बघा, भांडण पुन्हा त्याच जागी आलं : शब्द कुणाचा?

त्या रात्री दादाचा फोन आला. बहिणीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असावं. “आजी, ‘हार्डली’ काढून ‘हार्ड’ केलं तर कुठे ठेवू?” त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण ‘आय हॅव हार्ड वर्क्ड’ होत नाही. ‘हार्ड’ क्रियापदाच्या मागून येतो : ‘आय हॅव वर्क्ड हार्ड ऑन थ्री प्रोजेक्ट्स.’ मग मी म्हटलं, तेही नको. मी कसून काम केलं असं सगळेच लिहितात. त्या तीन प्रकल्पांत तू नेमकं काय केलंस ते क्रियापदांनी लिही, विशेषणं-क्रियाविशेषणं लागणारच नाहीत. तो थोडा हिरमुसला, पण लिहिलं त्याने. अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. उत्तर अजून आलेलं नाही.

आता तुमचं काम. ही वाक्यं वाचा आणि प्रत्येक ठिकाणी शब्द कुणाचा ते लिहून पाठवा. ‘द डॉग स्मेल्स बॅड’ आणि ‘द डॉग स्मेल्स बॅडली’, या दोहोंत कुत्र्याला आंघोळीची गरज कोणत्या वाक्यात आहे आणि डॉक्टरची कोणत्या? ‘द अर्ली ट्रेन केम अर्ली’, यात दोन्ही ‘अर्ली’ एकच आहेत का? ‘आजोबा लुक्ड सॅड’ आणि ‘आजोबा लुक्ड सॅडली ॲट द लॉक्ड हाउस’, यांचं मराठी करा. आणि शेवटचं जरा अवघड : ‘शी अराइव्ड सेफ’ की ‘शी अराइव्ड सेफली’? दोन्ही चालतात असं मी आधीच सांगून टाकते. फरक काय, ते तुम्ही सांगा.

उत्तरं पुढच्या अंकात. आणि तेव्हा मात्र नक्की काळ घेऊ, टिपणं अजून टेबलावरच आहेत.